चाळिशीनंतर सतरा नंबरचा फॉर्म भरताय? या चुका टाळा

शिपायाला क्लार्क व्हायचंय, अंगणवाडीतल्या मदतनीस बाईंना सेविका व्हायचंय आणि घोडं अडतं दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रावर. 'आता ह्या वयात शाळा कित्याक व्हयी?' म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करून सतरा नंबरचा, म्हणजे रोज शाळेत न जाता बाहेरून बोर्डाची परीक्षा द्यायचा फॉर्म भरायचं ठरवलंत, उत्तम. पण या वयात माणूस अभ्यासापेक्षा कागदपत्रांत जास्त अडकतो.

सगळ्यात मोठा घोळ नावाचा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, सेवापुस्तकात तिसरंच स्पेलिंग. गुणपत्रिका दाखल्यावरच्या नावाने येते आणि ऑफिसातला बाबू विचारतो, 'ह्या बाई कोण?' म्हणून विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र आधीच काढून ठेवा. जन्मतारीखही ताडून बघा. दाखलाच हरवला असेल तर शाळेतून दुसरी प्रत काढावी लागते. वाडीवरची शाळा बंद झाली असेल तर तिचं जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या नोंदींची वही, कुठे गेलं, ते पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारा. या धावपळीला वेळ लागतो, आणि नेमका तोच हातात नसतो.

कारण फॉर्म पावसाळ्यात सुटतात. लावणी आटपते तोवर गणपती येतात, 'गणपती झाले की बघू' म्हणता म्हणता मुदत संपते, मग विलंब शुल्क. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन शिमग्याच्या तोंडावर. पालखी घरी येणार त्याच आठवड्यात पेपर असू शकतो. पुरणपोळ्या कोण करणार, हे घरात आत्ताच बोलून घ्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांचं विभागीय मंडळ रत्नागिरीत आहे, रायगडकरांचं मात्र मुंबई विभागात. चौकशी योग्य ठिकाणीच करा.

भाच्याची माळ्यावरची पुस्तकं घेऊन बसू नका. दहावीचा अभ्यासक्रम 2018-19 मध्ये आणि बारावीचा 2020-21 मध्ये बदलला. चालू वर्षाची पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. भाषेला आता कृतिपत्रिका असते. उतारा समोर देऊन त्यावर कृती करायला सांगतात, त्यामुळे जुन्या पद्धतीने उत्तरं घोकून भागत नाही. घोकंपट्टीवर वाढलेल्या आपल्या पिढीला हेच जड जातं.

'पेपर दिले की सुटलो' हाही गैरसमज. बऱ्याच विषयांत लेखी 80 गुणांची आणि उरलेले 20 तोंडी, गृहपाठ, प्रकल्प अशा अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. ते संपर्क केंद्राच्या, म्हणजे तुमचा फॉर्म ज्या शाळेशी जोडलेला असतो त्या शाळेत होतं, तेव्हा तिथे पावसापाण्यातही फेरी मारत राहा.

सवय सुटलेल्या हाताला तीन तास पेन धरवत नाही, मनगट भरून येतं. डिसेंबरपासून आठवड्यातून एक पूर्ण पेपर घड्याळ लावून लिहा, आणि चष्म्याचा नंबर त्याआधी तपासून घ्या.

एखादा विषय राहिलाच तर पुरवणी परीक्षा असते. पास झालेल्या विषयांत सूट घेऊन तेवढाच देता येतो.