थिअरी बाद ठरवण्याआधी: एलएचसीच्या मोजमापांशी तुलना करताना या चुका टाळा

एलएचसी म्हणजे जिनिव्हाजवळचा, प्रोटॉन एकमेकांवर आदळवणारा लार्ज हॅड्रॉन कोलायडर. नवं मॉडेल मॅडग्राफमध्ये (प्रक्रियेचं गणित करणारा प्रोग्रॅम) चढवलं, पायथियातून (टकरींचं सिम्युलेशन करणारा प्रोग्रॅम) इव्हेंट, म्हणजे एकेक टक्कर, तयार केले, रिव्हेटमधून (सिम्युलेशनची मोजमापाशी तुलना करणारा प्रोग्रॅम) एका प्रकाशित मोजमापावर आपली रेघ टाकली आणि ती एरर बारच्या, म्हणजे अनिश्चिततेच्या दांड्यांच्या, बाहेर गेली, की हात शिवशिवतात. "९५ टक्के खात्रीनं बाद" असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. एमएस्सी-पीएचडीच्या मुलांबरोबर असे आलेख तपासत मी पुष्कळ बसले आहे. माझा अनुभव असा, की रेघ फारच बाहेर गेली असेल तर आधी तुलनेवर संशय घ्यावा, थिअरीवर नंतर. मोजमापानं ज्या प्रश्नाचं उत्तर दिलंय नेमका तोच प्रश्न आपण सिम्युलेशनला विचारलाय का, हे पक्कं झाल्याशिवाय निकालाला अर्थ येत नाही.

आधी स्टँडर्ड मॉडेल चालवा

नवं मॉडेल थोडं बाजूला ठेवा आणि त्याच साखळीतून स्टँडर्ड मॉडेलमधली, म्हणजे कणांच्या आजच्या मान्य सिद्धांतातली, ओळखीची प्रक्रिया चालवा: झेड बोसॉन दोन म्युऑनमध्ये (इलेक्ट्रॉनचे जड भाऊ) मोडतो ती. "ते तर सगळ्यांना माहीत आहे" म्हणून ही पायरी गाळली जाते, आणि पुढचे तीन महिने त्यात जातात.

एका विद्यार्थिनीनं असाच आलेख आणला होता. झेडच्या आडव्या (प्रोटॉनांच्या झोताला काटकोनातल्या) संवेगाची रेघ अगदी हवी तशी होती: १० जीईव्हीच्या (कणांच्या ऊर्जेचं एकक) आत शिखर, मग लांबलचक उतार. मोजमापाच्या ठिपक्यांना समांतर, फक्त वर सरकलेली. खाली गुणोत्तराची (सिम्युलेशन भागिले मोजमाप) जी चौकट असते तिच्यात मात्र रेघ दिसतच नव्हती, कारण चौकटीची मर्यादा ०.५ ते १.५ होती. मर्यादा वाढवल्यावर ती सापडली: सपाट, ३० च्या आसपास. झेड म्युऑनच्या जोडीत मोडण्याचं प्रमाण सुमारे ३.४ टक्के आहे, आणि १ भागिले ०.०३४ म्हणजे २९ च्या वर. तिनं इव्हेंट फक्त म्युऑनचे तयार केले होते आणि क्रॉस सेक्शन (प्रक्रिया किती वेळा घडते याचं माप) मात्र झेडचा एकूण दिला होता.

म्हणून गुणोत्तराची चौकट नीट वाचायला शिका, ती बरंच सांगते. रेघ सपाट असेल तर चूक एकूण मापाची आहे. १००० आला तर कुठेतरी पिकोबार्न आणि फेम्टोबार्न या क्रॉस सेक्शनच्या एककांची गल्लत झाली. २ आला तर मोजमापात इलेक्ट्रॉन आणि म्युऑनची सरासरी आहे आणि तुम्ही बेरीज केलीय. रेघ पायऱ्यांसारखी असेल, आणि प्रत्येक पायरी बिनची (आलेखाच्या कप्प्याची) रुंदी बदलते तिथेच येत असेल, तर बिनच्या रुंदीनं भागायचं राहिलंय किंवा दोनदा भागलंय. फक्त शेवटचा बिन बिघडला असेल तर ओव्हरफ्लो (आलेखाच्या टोकापलीकडचे इव्हेंट) त्यात धरायचा होता की नव्हता ते बघा. एनएलओ (अंदाजी गणिताची दुसरी पायरी; पहिली एलओ, तिसरी एनएनएलओ) इव्हेंट वापरत असाल तर काहींचं वजन ऋण असतं. तिथे इव्हेंटच्या संख्येनं भागलं तर माप चुकतं, वजनांच्या बेरजेनं भागावं लागतं.

आणि रेघ १ च्या सुमारे २० टक्के खाली असेल? तर बहुधा काहीच बिघडलेलं नाही. झेडच्या एलओ गणितात तेवढी तूट असतेच.

अपुरं गणित म्हणजे नवं भौतिकशास्त्र नव्हे

ही तूट प्रत्येक प्रक्रियेत वेगळी असते. ग्लुऑनच्या (क्वार्कांना बांधणारे कण) संयोगातून होणाऱ्या हिग्जचा एलओ आकडा आज मान्य असलेल्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. नव्या मॉडेलचा सिग्नल एलओ आणि पार्श्वभूमी (तशाच दिसणाऱ्या ओळखीच्या प्रक्रिया) एनएनएलओ अशी सरमिसळ केलीत, तर ती केल्याचं निदान लिहा तरी.

डब्ल्यू बोसॉनच्या जोडीचं उदाहरण मी दर वर्षी सांगते. ७ आणि ८ टीईव्ही (१ टीईव्ही म्हणजे १००० जीईव्ही) ऊर्जेच्या टकरींत अ‍ॅटलास आणि सीएमएस या एलएचसीवरच्या दोन्ही मोठ्या प्रयोगांची मोजमापं एनएलओ गणिताच्या वर आली. हलके सुपरसिमेट्रिक कण (स्टँडर्ड मॉडेलपलीकडचे, अजून न सापडलेले) तिथे लपले असावेत असे पेपरही निघाले. मग २०१४ मध्ये एनएनएलओ गणित हाती आलं आणि आकडा सुमारे १० टक्क्यांनी वर गेला. जेट (कणांचे झोत) असलेले इव्हेंट वगळल्याचा परिणामही नीट हिशेबात धरल्यावर बहुतेक फरक विरघळला. प्रयोग बरोबर होता आणि स्टँडर्ड मॉडेलही बरोबर होतं. अपुरं होतं ते त्याचं गणित.

डिटेक्टर दोनदा लावू नका

प्रकाशित आकडे दोन जातीचे असतात. अनफोल्ड केलेल्या मोजमापातून डिटेक्टरचा परिणाम आधीच काढून टाकलेला असतो; त्याच्याशी तुलना कणांच्या पातळीवरच करायची. नव्या कणांच्या शोधांमध्ये बहुधा डिटेक्टरनं पाहिलेल्या इव्हेंटची थेट मोजणी असते. तिथे डेल्फिससारखं डिटेक्टरची नक्कल करणारं सिम्युलेशन किंवा निदान स्मिअरिंग (आकडे डिटेक्टरइतके धूसर करणं) लागतं. अनफोल्ड केलेल्या आलेखावर डेल्फिसचं उत्तर टाकणं ही मी वारंवार पाहिलेली चूक आहे. डिटेक्टरची कार्यक्षमता दोनदा कापली जाते, सिग्नल लहान दिसतो आणि बाद व्हायला हवं ते मॉडेल वाचतं. डिटेक्टरचा परिणाम काढण्याच्या या सुधारणांमागे किती लोकांची किती वर्षं असतात हे ध्यानात ठेवावं. सीएमएसचा बाहेरचा हॅड्रॉन कॅलरीमीटर (जेटची ऊर्जा मोजणारा भाग) घडवण्यात आपल्या मुंबईच्या टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्था) मोठा वाटा आहे, तिथल्या कोणालाही विचारा.

पेपरचा सारांश वाचून कट (इव्हेंट निवडण्याच्या अटी) लावणं हेही टाळा. फिड्युशियल व्याख्येचा (नेमके कोणते कण, किती ऊर्जेचे आणि कुठल्या कोनातले मोजले) परिच्छेद शब्द न् शब्द वाचा, आणि रिव्हेटमध्ये त्या मोजमापाचा अधिकृत कोड असेल तर तोच वापरा. लेप्टॉनभोवती (इलेक्ट्रॉन किंवा म्युऑन) ०.१ च्या शंकूतले फोटॉन त्याच्यात मिळवलेत का? जेट अँटी-केटी ०.४ चे (जेट बांधण्याची रीत आणि त्याची त्रिज्या) आहेत का? आणि नव्या मॉडेलसाठी सर्वांत महत्त्वाचं: हरवलेली ऊर्जा (डिटेक्टरला न दिसलेल्या कणांनी नेलेली) कशी मोजलीय? काही व्याख्यांत ती फक्त न्यूट्रिनोंची बेरीज असते. तुमच्या मॉडेलमधला डार्क मॅटरचा कण न्यूट्रिनो नाही, त्यामुळे तो या बेरजेत येतच नाही. खऱ्या डिटेक्टरला मात्र दोघांत फरक कळला नसता. टॉप क्वार्क टाळण्यासाठी प्रयोगानं बी-जेट (बी-क्वार्कपासून झालेले जेट) असलेले इव्हेंट वगळले आणि फिड्युशियल व्याख्येत ते लिहिलंच नाही, असंही होतं. तुमच्या सिग्नलमध्ये बी-क्वार्क भरपूर असतील, तर ते मोजमाप तुमच्यासाठी निरुपयोगी समजा आणि सोडून द्या.

एरर बार एकेकटे नसतात

ही चूक सर्वांत महाग, म्हणून थोडं गणित करू. समजा १० बिन आहेत. प्रत्येकात १ टक्का सांख्यिकी अनिश्चितता, शिवाय ५ टक्के अशी जी सगळे बिन एकदम वर किंवा एकदम खाली हलवते. तुमची रेघ प्रत्येक बिनमध्ये ५ टक्के वर आहे. प्रत्येक बिन स्वतंत्र धरला तर काय-स्क्वेअर (अनिश्चिततेच्या तुलनेत एकूण फरक किती, याचं माप) येतो ९.६. कव्हेरियन्स मॅट्रिक्स (बिनांच्या अनिश्चितता एकमेकींशी कशा जोडल्यात याचा तक्ता) वापरलं तर येतो जेमतेम १, कारण ही एकच हालचाल आहे आणि मोजमाप ती सहज सोसतं. आता रेघ आलटून पालटून ५ टक्के वर आणि ५ टक्के खाली जाते असं धरा. स्वतंत्र बिनांचा हिशेब पुन्हा ९.६ च सांगतो. १० बिनांसाठी हे छान वाटतं. खरा आकडा मात्र २५० आहे. एकाच ९.६ मागे एक निर्दोष मॉडेल होतं आणि एक मेलेलं.

हेपडेटावर (मोजमापांचा ऑनलाइन साठा) बहुतेक नव्या मोजमापांसोबत कव्हेरियन्स मॅट्रिक्स किंवा अनिश्चिततेचे वेगवेगळे स्रोत दिलेले असतात. ते नसतील तर सर्वांत जास्त ताण देणारा एकच बिन घेणं हा सावध मार्ग आहे. एकाच इव्हेंटवर उभी असलेली दोन मोजमापंही सरळ बेरजेत घेऊ नयेत. कॉन्टूर (मॉडेल अनेक मोजमापांवर तपासणारा प्रोग्रॅम) याच कारणासाठी मोजमापांचे गट पाडतं आणि प्रत्येक गटातून एकच निवडतं.

उंचवटा दिसला म्हणजे कण सापडला असं नाही

डिसेंबर २०१५ मध्ये दोन फोटॉनच्या आलेखात ७५० जीईव्हीजवळ उंचवटा दिसला. अ‍ॅटलासचा त्या जागेपुरता आकडा ३.६ सिग्मा (योगायोगापासून किती दूर, याचं एकक) होता; संपूर्ण पट्ट्यात कुठेही असा उंचवटा येऊ शकला असता हे धरल्यावर तो २ सिग्मावर उतरला. सीएमएसचा २.६ चा १.२ झाला. तरी त्यावर ५०० हून अधिक पेपर लिहिले गेले, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये शिकागोच्या परिषदेत जास्तीच्या डेटानं तो उंचवटा पुसून टाकला. तुम्ही रिव्हेटमधून शेकडो हिस्टोग्राम एकदम चाळता, तेव्हा कुठेतरी २ सिग्मा मिळणारच.

याची उलट बाजू कमी बोलली जाते. डेटा योगायोगानं खाली घसरलेल्या बिनमध्ये मॉडेल हवं त्यापेक्षा सहज बाद होतं. म्हणून प्रत्यक्ष मर्यादेबरोबर अपेक्षित मर्यादाही (डेटा स्टँडर्ड मॉडेलप्रमाणेच आला असता तर मिळाली असती ती) काढा. दोघींत मोठी तफावत असेल तर कोणत्या बिननं निकाल दिला ते शोधा. डेटा म्हणजेच स्टँडर्ड मॉडेल असं गृहीत धरून मर्यादा काढली असेल, तर डेटातल्या खऱ्या जादा इव्हेंटची तुम्ही स्वतःच पार्श्वभूमी केलीय, हेही लक्षात असू द्या.

प्रोटॉनच्या आतल्या क्वार्क-ग्लुऑनांचं वाटप, म्हणजे पीडीएफ, हाही असाच सापळा आहे. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या फर्मीलॅबच्या सीडीएफ प्रयोगाला फार ऊर्जेचे जेट अपेक्षेपेक्षा जास्त दिसले आणि क्वार्कच्याही आत काही आहे का, अशी चर्चा सुरू झाली. ग्लुऑनचं वाटप थोडं बदलल्यावर तो फरक सामावला गेला. आज नेमकी उलटी काळजी करावी लागते: तुम्ही तपासत असलेला डेटाच त्या पीडीएफच्या फिटमध्ये वापरला असेल, तर तुमचा सिग्नल त्यात आधीच मुरलेला असू शकतो. फिटच्या पेपरमधली डेटाची यादी बघायला दहा मिनिटं लागतात.

सोयीचं मोजमाप निवडू नका. डब्ल्यूचं वस्तुमान सीडीएफनं २०२२ मध्ये ८०४३३.५ ± ९.४ एमईव्ही (१००० एमईव्ही म्हणजे १ जीईव्ही) दिलं, सीएमएसनं २०२४ मध्ये ८०३६०.२ ± ९.९. मॉडेल पहिल्या आकड्यावर बेतलं असेल तर दुसरा आकडा त्याच तक्त्यात छापा.

सगळं झाल्यावर आलेखासोबत रन कार्ड (जनरेटर, म्हणजे इव्हेंट तयार करणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंगची फाइल), जनरेटरची आवृत्ती, पीडीएफ संचाचं नाव आणि हेपडेटा नोंदीची आवृत्ती जपून ठेवा. त्या नोंदी सुधारल्या जातात. वर्षानं तुमचीच रेघ पुन्हा काढताना ती जुळली नाही, तर शोध इथूनच सुरू करावा लागेल.