पहिल्या सत्राचा ताण: गोव्यातील महाविद्यालयात नव्याने येणाऱ्यांसाठी

सत्तरी, डिचोली किंवा पेडण्यातील सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकून पणजीच्या महाविद्यालयात येणाऱ्या मुलांना पहिल्या सत्रात जो ताण जाणवतो, तो विषयांच्या अवघडपणाचा कमी आणि एकाच वेळी बदललेल्या अनेक गोष्टींचा अधिक असतो. पाचवीपासून इंग्रजी माध्यम असले, तरी तासभर अखंड इंग्रजी व्याख्यान ऐकत टिपणे काढण्याची सवय नसते, प्रवासात दिवसाचा मोठा भाग जातो आणि शाळेत पहिल्या बाकावर बसणाऱ्याला इथे कोणी ओळखत नाही. मीही वाळपईच्या बाजूची. पदवी पूर्ण करून आता ताळगाव पठारावर विद्यापीठात शिकते आहे, आणि धाकट्या भावंडांना जे सांगते तेच इथे लिहिते.

रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली ताणाला तोंड देण्याचे दोन मार्ग मांडले: अडचण बदलता येत असेल तर ती बदलणे, आणि येत नसेल तर मनातली खळबळ सांभाळणे. विद्यार्थ्याला या भेदाचा फार उपयोग होतो. बस चुकली, चाचणीचे गुण लागून गेले, यांवर रात्रभर विचार करून काही हाती लागत नाही. तिथे झोप, चालणे आणि मैत्रिणीशी बोलणे हेच योग्य काम. मात्र न समजलेले प्रकरण, जवळ आलेली असाइनमेंट, सत्रांतर्गत चाचणीची तारीख या बदलता येण्याजोग्या गोष्टी आहेत. चतुर्थीला आपल्याकडे घर भरलेले असते, गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या माटोळीपासून आरत्यांपर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला काम असते, आणि सुट्टी संपल्यावर चाचण्या अंगावर येतात. त्यामुळे घरी जाण्यापूर्वीच शिक्षकांकडून तारखा विचारून घ्याव्यात आणि सणाआधीच्या आठवड्यात निदान एका विषयाचा भार हलका करावा.

चिवटपणा म्हणजे गप्प राहून सोसणे, ही आपल्या गावांतली समजूत मला घातक वाटते. हवाई बेटांपैकी कवाई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशके मागोवा घेतला. गरिबी, घरातील कलह अशा अनेक संकटांत एकाच वेळी वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम, आपुलकीने वागणारी माणसे झाली; त्यांच्याजवळ आईवडील, आजी किंवा शिक्षक असे निदान एक भरवशाचे माणूस होते. म्हणून पहिल्या महिन्यातच असे एक माणूस शोधावे. मेंटॉर म्हणून नेमलेले शिक्षक चालतील, वरच्या वर्गातली ताईही चालेल.

ताण वाढला की मुले सर्वांत आधी आवडीच्या गोष्टी सोडतात: संध्याकाळचा फुटबॉल, देवळातले भजन, नाटकाची तालीम. वेळ वाचतो असे वाटते, पण मन आणखी खचते. संगाथ या संस्थेने गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेल्या आणि २०१७ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नैराश्य असलेल्या प्रौढांना व्यावसायिक तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी अर्थपूर्ण कामांकडे थोडे थोडे परत वळवले, आणि त्याचा त्यांना लाभ झाला. तो अभ्यास विद्यार्थ्यांपुरता नव्हता, तरी परीक्षेच्या काळातही दिवसातला अर्धा तास आवडीच्या कामासाठी राखावा, असे मी त्यावरून ठामपणे सुचवेन.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, जेवण जात नसेल किंवा वर्गात जाणेच नकोसे झाले असेल, तर मदत घेण्यास उशीर करू नये. गोवा लहान आहे. बांबोळीला कोणी पाहिले तर गावात बोलणे होईल, या भीतीने कित्येक जण तिथल्या मनोविकार संस्थेकडे फिरकतही नाहीत. ही भीती खरी आहे, तिला हसू नये. अशा वेळी महाविद्यालयातल्या समुपदेशकाकडे जावे किंवा केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ती विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतही बोलता येते. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर फोन त्याच क्षणी करावा आणि घरातल्या एखाद्याला जवळ बसवून ठेवावे. काय बोलावे हे सुचत नसेल, तर ‘गेले काही दिवस मला झेपत नाही’ एवढ्या एका वाक्याने सुरुवात करावी. पुढचे प्रश्न समोरची व्यक्ती विचारते.