असेंब्लीचं टेबल लावताना आधी कोपर मोजा

भोसरीतल्या लहान युनिटमध्ये बरेचदा फॅब्रिकेटरकडे तयार असलेल्या मापाचंच टेबल येतं. मग उंच पोरगा दिवसभर वाकून आणि बुटकी बाई खांदे वर ओढून काम करते. मी लाइन लावताना आधी टेप काढतो. सेफ्टी शूज पायात, दंड अंगाजवळ, कोपर काटकोनात. जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप प्रत्येकाच्या नावापुढे लिहायचं.

हिशोब टेबलाचा नाही, हात जिथे चालतात त्या जागेचा करायचा. फिक्स्चर, म्हणजे काम पकडून ठेवणारा साचा, 12 सेंमी उंच असेल तर टेबल तेवढं खाली घ्या. ड्रॉइंग काढणारे हे हमखास विसरतात. सोल्डरिंगसारखं बारीक काम कोपराच्या 5 ते 10 सेंमी वर हवं, नाहीतर मान खाली जाते. साधी जोडणी 10 ते 15 सेंमी खाली. जोर लावून दाबायचं असेल तर आणखी खाली, म्हणजे अंगाचं वजन कामी येतं.

दोन शिफ्टला दोन उंचीची माणसं असतात, आणि वरखाली होणाऱ्या टेबलाचे पैसे मालक सहसा देत नाही. अशा वेळी टेबल उंच माणसाच्या मापाचं करा आणि बाकीच्यांना चेकर्ड प्लेटचा (पाय घसरू नये म्हणून उठावदार नक्षी असलेल्या पत्र्याचा) पक्का प्लॅटफॉर्म द्या. बुटक्याला वर चढवता येतं, उंचाला कापता येत नाही. लाकडी पॅलेट मात्र नको, फटीत टाच अडकते.

सतत लागणारे स्क्रू अंगापासून 35-40 सेंमीच्या आत, अधूनमधून लागणारं 60 पर्यंत. वरून खाली स्क्रू मारायचा असेल तर सरळ पॉवर स्क्रूड्रायव्हर, समोरून मारायचा तर पिस्तुलासारखा. अदलाबदल झाली की मनगट मुडपतं. दोन्ही बॅलन्सरवर, म्हणजे हत्याराचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या टांगणीवर, टांगा.

पायाला रबर मॅट, टेबलाखाली चवडे जातील एवढी मोकळी जागा आणि स्टूल. उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय 1948 च्या कारखाना कायद्यातच कलम 44 मध्ये होती, तेव्हा 'स्टूल दिलं की झोपतात' हे ऐकून घेऊ नका.

भरलेले क्रेट जमिनीवर नकोत, मांडी ते कंबर या उंचीच्या स्टँडवर ठेवा. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेच्या वजन उचलण्याच्या सूत्रात 23 किलो ही मर्यादा आहे, तीही वजन अंगालगत आणि सगळं सोयीचं असताना. वळून उचलायचं असेल तर क्रेटच लहान करा.

सगळं लावून झालं की शिफ्टच्या शेवटच्या तासाला चक्कर मारा. कोणी पायाखाली पुठ्ठा घेतलाय का, सुट्या भागांचा बिन (डबा) वाकडा करून ठेवलाय का, बघा. टेबलाच्या कडेला चिंधी गुंडाळलेली दिसली तर कड हाताला रुततेय. ग्राइंडरने गोल करून रबराची पट्टी बसवा.