नाणेघाटाला सायकल नेताय? आधी हँगर

ही यादी मी चिडून लिहिते आहे, आणि चिडले आहे ती स्वतःवर. गेल्या डिसेंबरात आम्ही चौघं जुन्नरहून नाणेघाटाला सायकली घेऊन गेलो होतो. जाताना सगळं झकास. परतताना डांबरी सोडून जीवधन किल्ल्याच्या पायथ्याच्या झाडीतली ढोरवाट धरली, आणि कारवीची बोटभर जाडीची वाळकी काठी उडून माझ्या मागच्या चाकात शिरली. पाय थांबवायच्या आत कट् असा आवाज आला आणि डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, चेनला लोंबकळत स्पोकांवर आपटायला लागला. मोडलं काय होतं? डिरेलर धड होता, चेनही धड होती. डिरेलर ज्याच्यावर बसतो तो अंगठ्याएवढा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा तेवढा मोडला होता. हँगर. माझ्या पिशवीत दोन ट्यूब, पंप, चेन तोडायचं हत्यार म्हणजे चेन ब्रेकर, राजगिऱ्याच्या वड्या, सनस्क्रीन, एवढंच काय पत्त्यांचा कॅटसुद्धा होता. हँगर नव्हता.

तेव्हा यादीत पहिलं नाव त्याचं. हा तुकडा मुद्दाम मऊ केलेला असतो. सायकल उजव्या अंगावर पडली किंवा काही अडकलं, तर हा वाकावा, मोडावा, आणि फ्रेम वाचावी म्हणून. म्हणजे तो मोडण्यासाठीच जन्माला आलेला असतो, आणि आपण मात्र जोडीला दुसरा ठेवत नाही. बरं, वाटेत मिळेल म्हणावं तर तेही नाही. प्रत्येक कंपनीचा, कधी कधी एकाच कंपनीच्या दर मॉडेलचा हँगर वेगळा. स्क्रूची भोकं वेगळी, आकार वेगळा. 2019 साली स्रॅम कंपनीनं सगळ्यांना चालेल असा एक हँगर काढला आणि बऱ्याच नव्या माउंटन बाइकवर तो असतो, पण तुमच्या सायकलवर आहे का ते तुम्हीच बघा. माझ्या सायकलवर नाही. जुन्नरच्या पंक्चरवाल्या काकांनी मोडका तुकडा तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "ताई, हे आमच्याकडं नाय मिळायचं. पुण्यालाच जावं लागंल." शे-पाचशे रुपयांची वस्तू.

चेन ब्रेकर होता ना, मग चेन तोडून एकाच गिअरवर का नाही आलात, असं ज्यांना विचारायचं असेल त्यांच्यासाठी: तो प्रयोग केला. डिरेलर काढला, चेन आखूड केली, मागच्या चाकाच्या मधल्या दातेरी चकतीवर घातली. शंभर मीटर चालली. मग चेन आपोआप मोठ्या चकतीवर चढली आणि इतकी ताणली गेली की चाक फिरेना. दुसऱ्यांदाही तेच. त्यानंतर घाटघरपर्यंत ढकलत, आणि तिथून पुढे भाताच्या पोत्यांवर बसून पिकअपमधून. भाचा पोत्यांवर आडवा होऊन म्हणाला, "मावशी, हे जास्त मस्त आहे." त्याला काय जातंय.

आता इतर गोष्टी, भराभर.

हेल्मेट. हातमोजे. हे सांगायला लागत असेल तर घरीच थांबा.

कधी जायचं: ऑक्टोबर संपता संपता ते फेब्रुवारी. पावसाळ्यात नाणेघाटात धबधबा वाऱ्यानं उलटा वर उडतो हे खरं, पण तो बघायला शनिवार-रविवारी गाड्यांची जी रांग लागते तिच्यातून सायकल काढणं हा वेगळाच खेळ आहे. शिवाय भातखाचरांतला चिखल चाकाला असा बसतो की फ्रेममध्ये चाक अडकतं. मार्चनंतर पठारावर सावली नाही. आठवड्यामधली सुट्टी मिळाली तर सोनं.

सायकल जुन्नरपर्यंत गाडीतून नेणार असाल तर एक ऐका. गाडीत आडवी ठेवायची झाली तर डाव्या अंगावर, चेनची बाजू वर. दोन सायकली एकमेकींवर टाकू नका. हँगर दरवेळी जंगलातच वाकतो असं नाही, पुष्कळदा तो नारायणगावच्या आधीच डिकीत वाकलेला असतो आणि मग दिवसभर "गिअर नीट पडत नाहीयेत" म्हणून आपण केबलला शिव्या देत बसतो. जुन्नरला उतरल्यावर मागे उभं राहून बघा: डिरेलरची दोन्ही छोटी चाकं आणि वरची चकती एका रेषेत दिसली पाहिजेत. अर्ध्या मिनिटाचं काम.

टायर. ट्यूबलेस असेल तर आतलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, वाळलेलं नाही ना ते बघा. आपल्याकडच्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत आटतं, आणि बाभळीच्या काट्याला तुम्ही ते कधी भरलं होतं याची फिकीर नसते. तरी एक ट्यूब हवीच. रस्ता डांबरी आहे, पण पठारावर सुटे दगड आणि मुरूम, त्यामुळे हवा जरा कमी करून घ्या, आणि परतीला पुन्हा भरायला पंप. ब्रेकचे पॅड बघा.

हत्यारांत अ‍ॅलन कीचा संच, चेन ब्रेकर, क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), थोडी तार, चिकटपट्टी. आणि आता लक्ष द्या, कारण मी दुसऱ्यांदा जवळजवळ इथंच फसणार होते. हँगर घेतला म्हणजे काम झालं असं नाही. तो फ्रेमला ज्या बारक्या स्क्रूंनी बसतो ते स्क्रूही जास्तीचे घ्या, कारण मोडताना तेही उडून गवतात जातात. आणि त्या स्क्रूंच्या मापाची अ‍ॅलन की तुमच्या संचात आहे का ते घरी लावून बघा. डिरेलर हँगरवर बसवायला बहुतेक ठिकाणी 5 मिलिमीटरची की लागते, पण हँगरचे स्वतःचे स्क्रू त्याहून बारीक असतात. माझ्या संचात ती की नव्हती. हे मला फेब्रुवारीत घरच्या गॅलरीत कळलं, नशीब. एकदा घरी जुना काढून नवा बसवून बघा, गिअर जुळवून बघा. पहिल्यांदा तासभर लागतो. मग तो तुकडा स्क्रूंसकट सीटच्या खाली चिकटपट्टीनं बांधून टाका. पिशवीत नको. पिशवी बदलते, सायकल तीच राहते.

पाणी तीन लिटर. वाटेत आपटाळे, चावंड अशी गावं लागतात, चहा मिळतो, पण घाटघरच्या पुढे कशाचा भरवसा धरू नका. नाणेघाटात दगडात खोदलेली टाकी आहेत, पण त्यांतलं पाणी गाळल्याशिवाय तोंडाला लावू नका. खाणं तुमचं तुम्ही बघा. सुटे पैसे ठेवा, रेंज गेली की यूपीआयही गेलं. नकाशा आधी उतरवून घ्या.

बूट. क्लीटवाले, म्हणजे तळाच्या खिट्टीनं पायडलमध्ये अडकणारे बूट घरी. हे मी प्रेमानं सांगत नाहीये. हा रस्ता नुसता सायकलीचा नाही, जुन्नरच्या आसपास दोनशेंहून जास्त कोरीव लेणी आहेत, आणि प्रत्येक बघण्यासारख्या जागी शेवटचा तुकडा दगडी पायऱ्यांवरून चालायचा असतो. तळाला लोखंडी क्लीट असली की गुळगुळीत झालेल्या पायरीवर माणूस बर्फावरच्या गायीसारखा चालतो. चावंड किल्ल्याला तर कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत. तिथं घसरणं म्हणजे गंमत नाही. साधे पायडल, साधे पकडीचे बूट.

कुलूप न्या. नाणेघाटातलं लेणं वर पठारावर नाही, घाटाच्या नळीतून फरसबंदीच्या वाटेनं खाली उतरावं लागतं, आणि सायकली वर जकातीच्या रांजणापाशी ठेवाव्या लागतात. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवरून वर येणाऱ्या मालाची जकात त्या दगडी रांजणात टाकत, असं सांगतात. लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे: अश्वमेध, राजसूय असे यज्ञ, आणि दान दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नावाची नाणी यांचे आकडे. हे आकडे भारतातल्या सर्वांत जुन्या कोरलेल्या अंकांपैकी आहेत. समोरच्या भिंतीत राजघराण्याचे पुतळे होते, आता पावलांचे अवशेष आणि वरची नावं उरली आहेत. इथं सायकलचा पुढचा दिवा काढून घेऊन जा. भिंतीला समांतर, बाजूनं उजेड टाकला की अक्षरं उठून दिसतात, समोरून टाकला तर सपाट काळा दगड. हात लावू नका. आणि खाली जाताना वर एकाला बसवा, नाहीतर खाऊची पिशवी माकडांना वाहिली असं समजा.

जाताना पूर गावचं कुकडेश्वराचं देऊळ चुकवू नका. कुकडी नदीचा उगम, आणि कोरीवकाम असं की मी तिथं अर्धा तास ठरवून दोन तास घालवले. मग उशीर झाला, मग घाई झाली, मग ढोरवाट "जवळची आहे" म्हणून धरली, मग काय झालं ते वर लिहिलंच आहे. शिवनेरी आणि लेण्याद्री त्याच दिवशी उरकू नका. शिवनेरीवर पायीच जायचं असतं आणि तिला अर्धा दिवस द्यावा.

वेळ. नाणेघाट जुन्नरहून साधारण 30-35 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन पासष्टच्या आसपास, चढउतार धरून. सकाळी सहाला पायडल. अंधार पडायच्या आत जुन्नर, हे सुचवत नाही, बजावते आहे. जुन्नर तालुका उसाचा आहे आणि उसात बिबटे आहेत. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे ते काही हौसेनं बांधलेलं नाही. वाकलेला, उकिडवा बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा वाटू शकतो. तेव्हा विचार करा, संध्याकाळी साडेसहाला उसाच्या कडेला उकिडवं बसून तुम्ही काय करत असाल? डिरेलर बघत असाल. हँगर असेल तर वीस मिनिटं. नसेल तर बसा.

मागचा लाल दिवा, पुढचा दिवा, दोन्हींना चार्ज. प्रथमोपचार, नेहमीचंच. जाताना घरी रस्ता सांगून जा, कोणत्या वाटेनं परतणार तेही.

परतल्यावर सायकल धुवा, चेन पुसा, तेल. मी आता कंटाळले.

राहिलं एकच. येत्या जानेवारीत आम्ही पुन्हा जातोय, भाच्यानं त्याच्याही सायकलीचा हँगर मागवलाय. पार्सल आलं, उघडलं, तर भलत्याच मॉडेलचा निघाला. मॉडेल आणि साल दोन्ही लिहून मागवा, आणि जुना काढून शेजारी ठेवून भोकं जुळतात का बघा. आज नाही, आत्ता.