विरजण जिवंत ताटापर्यंत कसे न्यावे

आंबवलेला प्रत्येक पदार्थ प्रोबायोटिक असतो, हा समज आधी दूर करायला हवा. इडली, आंबोळी, ढोकळा यांचे पीठ रात्रभर आंबते आणि त्यात जिवाणूंची भरपूर वाढ होते हे खरे. परंतु वाफेवर किंवा तव्यावर ते जवळजवळ सगळे मरतात. आंबवल्यामुळे हे पदार्थ पचायला हलके होतात, पण आतड्यांपर्यंत जिवंत जिवाणू पोचवण्याचे काम त्यांच्याकडून होत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली केलेल्या व्याख्येनुसार, पुरेशा प्रमाणात घेतल्यास आरोग्याला उपकारक ठरणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. घरच्या दह्यात नेमके कोणते जिवाणू आहेत हे कोणी तपासलेले नसते, त्यामुळे काटेकोरपणे पाहिल्यास ते या व्याख्येत पुरते बसत नाही. तरीही जिवंत जिवाणूंचा इतका स्वस्त आणि रोज मिळणारा स्रोत आपल्या स्वयंपाकघरात दुसरा नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

अर्धा लिटर दूध उकळून निवू द्यावे. त्यात बुडवलेली करंगळी सहज सोसवेल, म्हणजे साधारण ४० ते ४५ अंश सेल्सिअस, इतके ते कोमट झाले की एक चमचा ताजे दही थोड्या दुधात फेटून त्यात मिसळावे. दूध फार गरम असेल तर विरजणातले जिवाणू मरतात आणि अगदी गार असेल तर दही लागायला फार वेळ घेते. विरजण घातल्यावर भांडे हलवू नये. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत दही लागते. थंडीत दहा-बारा तास लागतात, म्हणून तेव्हा भांडे जाड कापडात गुंडाळून ठेवावे किंवा, अनेक घरांतल्या रिवाजाप्रमाणे, पिठाच्या डब्यात खुपसून ठेवावे. भांडे किंचित कलते केल्यावर दही कडेपासून एकसंध सुटले की ते लगेच फ्रिजमध्ये ठेवावे, नाहीतर आंबटपणा वाढत जातो. वर साचलेले निवळ पाणी फेकण्याचे कारण नाही. ते ढवळून घ्यावे किंवा ताकात मिसळावे.

पुढची चूक बहुतेकांच्या हातून शेगडीजवळ होते. कढी चवीला कितीही उत्तम असली तरी ताक उकळल्यावर त्यातले जिवाणू उरत नाहीत. मठ्ठ्याला आच लागत नसल्यामुळे त्यात ते टिकतात. आंबिलीच्या बाबतीत तर क्रम बदलला तरी पुरते. नाचणीचे दोन चमचे पीठ वाटीभर पाण्यात कालवून रात्रभर आंबवावे, सकाळी ते उकळत्या पाण्यात घालून सतत ढवळत शिजवावे, आणि आंबील कोमट झाल्यावरच तिच्यात ताक, ठेचलेली लसूण, जिरेपूड व मीठ घालावे. ताक घालून आंबील शिजवणाऱ्यांना चव मिळते, जिवाणू मात्र मिळत नाहीत.

दूध न चालणाऱ्यांसाठी उत्तर भारतातली गाजराची कांजी हा चांगला पर्याय आहे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात २० ते २५ ग्रॅम मीठ आणि एक मोठा चमचा मोहरीची पूड मिसळून त्यात गाजराच्या फोडी पूर्ण बुडतील अशा ठेवाव्यात. काचेच्या बरणीचे झाकण घट्ट लावू नये, कारण आत वायू तयार होतो. तीन-चार दिवसांत पाणी आंबट होते. वर हिरवी किंवा काळी बुरशी दिसल्यास, नुसता थर काढण्याच्या भानगडीत न पडता, सगळी बरणी रिकामी करावी. आपल्या तेलातल्या लोणच्यांकडून मात्र फारशी अपेक्षा ठेवू नये. ती मीठ, तेल आणि आंबटपणा यांच्या जोरावर टिकतात.

सवय नसेल तर पहिले आठ दिवस जेवणासोबत अर्धी वाटी ताक किंवा दोन चमचे दही पुरे. एकदम वाढवल्यास पोट फुगते. एखाद्या दिवशी मोठा वाडगा संपवण्यापेक्षा रोज थोडे घेणे बरे, कारण बाहेरून आलेले हे जिवाणू आतड्यात सहसा कायमचे मुक्काम करत नाहीत. आधीपासून असलेल्या जिवाणूंना लागणारा चोथा ज्वारीची भाकरी, डाळी, कांदा, केळी यांतून मिळतो, त्यामुळे तेही ताटात हवेत. रक्तदाब असणाऱ्यांनी कांजीतल्या मिठाचा विचार करावा, आणि प्रतिकारशक्ती दुबळी करणारा आजार किंवा उपचार चालू असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

बाहेरगावी जायचे असल्यास चमचाभर ताजे दही लहान डबीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावे. परतल्यावर पहिल्यांदा विरजण थोडे जास्त घालावे लागते. एक-दोन वेळा लावल्यावर दही पूर्वीसारखे घट्ट लागू लागते.