चावणाऱ्या पोपटाला हातावर कसं आणायचं

माझ्याकडे आलेली एक कॉकॅटिल, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट, पिंजऱ्यात हात शिरला की फुत्कारायची आणि बोटातून रक्त काढायची. आधीच्या घरी तिला रोज मुठीत पकडून बाहेर काढत असत. त्यामुळे हाताचा तिला एकच अर्थ ठाऊक होता: आता पकडणार. पोपटवर्गातल्या पक्ष्यांची शिकार होते, म्हणून वरून येणारा हात त्यांना झडप घालणाऱ्या ससाण्यासारखा वाटतो. आपल्याला हा हाताचा अर्थ बदलायचा आहे. पोपटाची जात कोणतीही असो, छोटा बजरीगर, कॉन्युअर की मोठा आफ्रिकन ग्रे, वाट हीच. दिवस कमी-जास्त लागतात.

आधी तब्येत आणि झोप

इतके दिवस शांत असलेला पक्षी एकाएकी चावू लागला, तर शिकवणं बाजूला ठेवा आणि पक्ष्यांची माहिती असलेल्या डॉक्टरांना दाखवा. पक्षी दुखणं लपवतात. अंग फुगवून बसणं, पिंजऱ्याच्या तळाशी उतरणं, श्वासागणिक शेपूट हलणं, विष्ठेचा रंग किंवा पातळपणा बदलणं ही लक्षणं दिसली तर थांबू नका. पिसं गळून नवी फुटत असतील, तर ते कोवळे कोंब हात लागताच दुखतात. तेवढे दिवस अंगाला हात लावू नका.

झोप 10 ते 12 तास, अंधारात आणि शांततेत. रात्री उशिरापर्यंत दिवा असेल, तर त्याच्या शरीराला विणीचा हंगाम आल्यासारखं वाटतं आणि तो पिंजऱ्यावर हक्क सांगू लागतो. घरट्यासारखी खोकी आणि कापडी झोपड्या काढून टाका. पाठीवरून, पंखांखालून कुरवाळू नका. त्यानेही तोच हंगाम जागा होतो. डोकं आणि मान, एवढंच.

आठवडाभर फक्त बघा

चावण्याआधी पक्षी बरंच काही सांगतो. कॉकॅटिलचा तुरा डोक्याला चिकटतो. मानेची पिसं उभी राहतात, शेपटी पंख्यासारखी पसरते, चोच उघडी ठेवून तो पुढे झुकतो. मोठ्या पोपटांच्या बुबुळांचा मधला काळा ठिपका भराभर लहान-मोठा होतो. आनंदातही तसं होतं, पण सोबत शेपटी पसरली असेल तर हात लांब. यातली खूण दिसली की एक पाऊल मागे घ्या. चावण्याच्या आधीच आपलं ऐकलं जातं हे त्याला कळलं, की चावायची गरजच कमी होते. मला विचाराल, तर सगळ्या शिकवणीतला सर्वांत मोलाचा भाग हाच.

पिंजऱ्याबाहेरून खाऊ

त्याला सगळ्यांत आवडणारी एक गोष्ट शोधा: बहुधा सूर्यफुलाची बी किंवा राळ्याचं कणीस. ती रोजच्या भांड्यातून काढून फक्त तुमच्या हातून द्यायची. उपाशी मात्र ठेवू नका. लहान पक्षी एका दिवसाच्या उपासानेही खंगतो. रोज पिंजऱ्याशेजारी, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला बसा, हळू बोला, गजांतून खाऊ द्या. घेत नसेल तर भांड्यात टाकून निघून जा. काही पक्षी दोन दिवसांत घेतात, माझ्या कॉकॅटिलला सोळा दिवस लागले.

काठीचा खेळ

आता चॉपस्टिकसारखी एक साधी लाकडी काडी घ्या. गजांतून तिचं टोक चोचीपासून दोन-तीन इंचांवर धरा. त्याने कुतूहलाने टोकाला चोच लावली, की त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणा आणि खाऊ द्या. शब्द नेहमी तोच, आणि तो खाऊच्या आधी. काही जण शब्दाऐवजी क्लिकर, म्हणजे दाबलं की ‘टक्’ वाजणारी छोटी डबी, वापरतात, तोही चालतो. काडी कराकरा चावत असेल, तर नुसता स्पर्श झाला की बक्षीस द्या, चावल्यावर देऊ नका. स्पर्श जमला की काडी थोडी बाजूला धरा: एक पाऊल, मग दोन, मग दांडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आता हात न लावता तुम्ही पक्ष्याला कुठेही नेऊ शकता, आणि तो स्वतःच्या मर्जीने येतो.

वेळ 3 ते 5 मिनिटं, दिवसातून दोनदा. त्याला अजून हवं असतानाच थांबा.

दांडीवर, मग हातावर

काडीमागे चालत तो पिंजऱ्याच्या दारातून स्वतः बाहेर येऊ दे. पुढचं शिकवणं पिंजऱ्यापासून दूर करा, कारण पिंजरा हे त्याचं घर आहे आणि तिथे तो राखणदार असतो. आधी हातात धरलेल्या एका सुट्या दांडीवर काडीने बोलवा. ते सवयीचं झालं की दांडी दर दिवशी थोडी आखूड धरा, म्हणजे बोटं जवळ येत जातील. शेवटी दांडीच्या जागी बोट: छातीच्या खाली, पायांच्या समोर, स्थिर. पोटात बोट खुपसून चढायला लावू नका, वाट बघा. ‘चढ’ हा शब्द तो पाय उचलतानाच म्हणा.

इथे एक गैरसमज होतो. पोपट चढताना चोचीने बोट चाचपतो, कारण चोच हा त्याचा तिसरा पाय आहे. त्या स्पर्शाला दचकून हात मागे घेतलात, तर बोट भरवशाचं नाही हे तो शिकेल.

चावलाच तर

ओरडू नका, झटकू नका, चोचीवर मारू नका, फुंकर मारू नका. आरडाओरड काही पक्ष्यांना आवडते, बाकीचे घाबरतात. हात शांतपणे खाली नेऊन त्याला जवळच्या दांडीवर उतरवा, अर्धं मिनिट दुसरीकडे बघा, मग काडीच्या सोप्या खेळावर परत या. रात्री आठवून बघा: कोणती खूण निसटली? जाड हातमोजे वापरू नका. त्यातून पक्ष्याच्या खुणा कळत नाहीत आणि त्याला हात आणखी मोठा दिसतो.

तुमच्या हातावर येणारा पक्षी घरातल्या दुसऱ्या माणसाला चावू शकतो. त्या माणसाने सुरुवात गजांबाहेरच्या खाऊपासून करायची, तुम्ही मध्यस्थी करून पक्षी त्यांच्या हातात द्यायचा नाही. माझी कॉकॅटिल माझ्या बोटावर आली तीन महिन्यांनी. आईच्या बोटावर मात्र आईने काडी हातात घेतल्यापासून अठरा दिवसांतच.