वऱ्हाडातून विनिपेगला आलेल्यांसाठी: पहिल्या हिवाळ्यातले नळ

यवतमाळ-वाशीमकडच्या गावांतून इथे कॅनडात नव्याने येणाऱ्या कुटुंबांना माझी पहिली विनंती अशी, की कडाक्याच्या थंडीत स्वयंपाकघरातला नळ रात्रभर अगदी बारीक धारेने चालू ठेवावा. ज्या गावांत नळाला दिवसाआड पाणी येते आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे वाढलेल्या माणसाच्या हे जिवावर येते, याची मला जाणीव आहे. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी चालू ठेवलेला नळ आईने रात्री उठून घट्ट बंद केला. सकाळी त्यातून थेंबही आला नाही. दुपारी बर्फ वितळला, तेव्हा सिंकखालचा तांब्याचा पाइप वाकणापाशी बोटभर उकलला होता आणि खालच्या कपाटातल्या डाळी-तांदळासकट सगळे स्वयंपाकघर पाण्यात गेले.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. पाइपात बर्फाचा बोळा बसला, की तो आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्यावर दाब वाढत जातो आणि पाइप बहुधा तिथेच फुटतो. नळ किंचित उघडा असला, तर हा दाब साठत नाही. नागपुरात डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ अंशांवर आला होता, ती थंडी आपल्याकडे अजून आठवतात. इथे जानेवारीत उणे ३० अंशांच्या रात्री येतात, आणि सिंक बाहेरच्या भिंतीला लागून असेल, तर त्या रात्री खालच्या कपाटाची दारे उघडी ठेवून घरातली ऊब पाइपापर्यंत पोहोचू द्यावी.

अंगणातल्या नळाची रबरी नळी ऑक्टोबरमध्येच काढावी, आतला व्हॉल्व्ह बंद करून बाहेरचा नळ रिकामा होऊ द्यावा. गावी जाताना बिल वाचवण्यासाठी घर उबदार ठेवणारा हीटर बंद करू नये. तापमान किमान १३ अंशांवर, शक्यतो त्याहून जास्त ठेवावे, मेन व्हॉल्व्ह बंद करावा आणि नळ उघडून पाइप रिकामे करावेत. पाइप गोठलाच, तर नळ उघडून नळाकडून मागे सरकत हेअर ड्रायरने शेकावे. उघडी ज्योत जवळ नेऊ नये.

मेन व्हॉल्व्ह बहुधा तळघरात, मीटरजवळ असतो. घराचा ताबा मिळेल त्याच दिवशी तो घरातल्या प्रत्येकाच्या हाताने एकदा फिरवून घ्यावा. त्या दुपारी मी कामावर होतो आणि आईला तो सापडला नाही, कारण मी तिला तो कधी दाखवलाच नव्हता.